बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षांत नेमके काय शिकवले जाते?

बारावी विज्ञान शाखेचे निकाल हाती आले की घरोघरी पुढील वाटेचा विचार सुरू होतो. वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळलेल्या विद्यार्थ्यांना 'मग नर्सिंग कर' असा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या पदवीत काय शिकवले जाते याची कल्पना असते. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले करणे एवढाच परिचर्येचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात शरीरशास्त्रापासून संशोधनपद्धतीपर्यंत आणि प्रसूतिकक्षापासून गावातील उपकेंद्रापर्यंत बराच मोठा पल्ला विद्यार्थ्याला गाठावा लागतो. हा अभ्यासक्रम पुरुषांनाही खुला आहे. प्रवेश घेण्यापूर्वी त्याचे स्वरूप समजून घेतले, तर पहिल्याच वर्षी होणारा भ्रमनिरास टळू शकतो.

पदवीची पूर्वपीठिका

आधुनिक परिचर्या शिक्षणाचा आरंभ १८६० पासून मानला जातो. त्या वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने परिचारिकांची शाळा निघाली. मराठी मुलखात या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात पुण्याच्या सेवासदनाचा वाटा मोठा आहे. १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेतून रमाबाई रानडे यांनी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणारे काम कुलीन स्त्रीने करू नये, असा तेव्हाचा लोकसमज होता.

त्या काळचे शिक्षण मात्र प्रमाणपत्राच्या पातळीवरचे होते. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येतील पदवीचे शिक्षण सुरू झाले. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभरातील अभ्यासक्रमाला एकसूत्रीपणा आला. आज पणजी, बेळगाव, इंदूर, बडोदा वा हैदराबाद यांपैकी कोठेही प्रवेश घेतला, तरी विषयांची मूळ चौकट एकच असते ती यामुळे. विद्यापीठ बदलते, परीक्षेचे वेळापत्रक बदलते. अभ्यासक्रमाचा गाभा बदलत नाही. २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या विनियमांनी पूर्वीची वार्षिक पद्धत मोडून सत्र आणि श्रेयांक पद्धत आणली. सध्या शिकवला जाणारा अभ्यासक्रम हाच होय. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व सुईण आयोगाचा कायदा संमत केला असून, १९४७ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावी अशी त्यात तरतूद आहे.

प्रवेशाची पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तिन्ही विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी गुणांची अट ४० टक्के आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. विद्यार्थी शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते. प्रवेश परीक्षेच्या गुणवत्तेवर प्रवेश द्यावेत, असे विनियम सांगतात. या परीक्षेत तीन विज्ञान विषय, इंग्रजी आणि परिचर्येचा कल यांना समान महत्त्व असते. ही परीक्षा कोण घेते हे राज्यागणिक वेगळे आहे; महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष ती स्वतंत्रपणे घेतो. ज्या राज्यात प्रवेश घ्यायचा, तेथील त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या पदवीऐवजी जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम खुला असतो. तो पूर्ण करून परिचारिका म्हणून नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे वाट थोडी लांबली, तरी पदवी हातची जात नाही.

पहिले वर्ष : शरीर, मन आणि रुग्णाची खाट

पहिल्या सत्रात उपयोजित शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादात्मक इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय असतात. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र, मूलतत्त्वांचा दुसरा भाग आणि आरोग्य माहितीतंत्रज्ञान यांची भर पडते.

यातील 'उपयोजित' हा शब्द महत्त्वाचा आहे. वैद्यकीय विद्यार्थी शरीररचना शिकतो ती निदान आणि शस्त्रक्रियेसाठी. परिचर्येचा विद्यार्थी शिकतो ती खाटेजवळ करायच्या कामासाठी. नितंबातून जाणारी सायटिक नस कोठे असते, हे ठाऊक नसेल तर चुकीच्या जागी दिलेले इंजेक्शन रुग्णाचा पाय अधू करू शकते. जीवरसायनशास्त्रात पोटॅशियमचे रक्तातील प्रमाण शिकवले जाते, तेव्हा त्याच्या पाठोपाठ एक धडा येतो. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण शिरेतून थेट कधीही द्यायचे नसते; ते पातळ करून, संथ गतीनेच द्यावे लागते. हा नियम मोडला तर हृदय थांबू शकते. आहारशास्त्रात उष्मांकांचे कोष्टक पाठ करून भागत नाही. मधुमेही रुग्णाच्या घरी भात शिजतो की ज्वारीची भाकरी, गोव्यातील वृद्ध सकाळी पेज घेतो तर तिचा हिशेब कसा धरायचा, अशा प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत.

परिचर्येची मूलतत्त्वे हा पहिल्या वर्षाचा कणा होय. नाडी, श्वसन, तापमान आणि रक्तदाब मोजणे, रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलणे, बेशुद्ध रुग्णाचे तोंड स्वच्छ करणे, बेडपॅन देणे, नळीवाटे अन्न भरवणे, जखमेची मलमपट्टी, प्रथमोपचार आणि नोंदी ठेवणे ही कामे आधी प्रयोगशाळेतील पुतळ्यावर आणि मग प्रत्यक्ष रुग्णावर शिकवली जातात. वरवर ही कामे साधी वाटतात. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला, माकडहाडाला आणि टाचांना शय्याव्रण होतात. ते चिघळले तर जीवावर बेतते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची अशी शुश्रूषा केली, की त्यांना शय्याव्रण झाले नाहीत. मूलतत्त्वांच्या पुस्तकातील एका प्रकरणाचे मोल किती, हे सांगायला याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे वर्ष : जंतू, औषधे आणि गणित

तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र व संसर्गनियंत्रण, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, आनुवंशिकी आणि प्रौढांची परिचर्या हे विषय येतात. व्यावसायिक मूल्ये व नीतिशास्त्र हाही याच वर्षीचा विषय.

संसर्गनियंत्रणाचा पाया हात धुणे हाच आहे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरस्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या परिसरातील वस्तूंना हात लागल्यावर, असे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार शरीराचे अवयव आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या टणक डब्यात, तर काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात टाकाव्या लागतात. वापरलेली सुई चुकून स्वतःला टोचली, तर काय करायचे हेही शिकवले जाते. जागा वाहत्या पाण्याने धुवायची, ताबडतोब कळवायचे आणि एचआयव्हीचा धोका असल्यास प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची. या व्यवसायातील जोखीम विद्यार्थ्याला येथे प्रथम जाणवते.

औषधशास्त्र हा बहुतेकांना धसका देणारा विषय. औषधांचे गट, कार्यपद्धती, दुष्परिणाम आणि परस्परक्रिया यांचे पाठांतर मोठे असते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळल्याशिवाय औषध द्यायचे नाही, हा नियम अंगवळणी पाडला जातो. त्याच्या जोडीला गणित येते. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि हाताशी असलेल्या संचातून २० थेंबांना एक मिलिलिटर पडते. एकूण थेंब १०,००० आणि मिनिटे ४८०. म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. लहान मुलांसाठी वापरला जाणारा ६० थेंबांचा संच लावला, तर हाच आकडा ६३ वर जातो. संच न पाहता थेंब मोजणारी परिचारिका तिप्पट चूक करू शकते.

इन्सुलिनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ४० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात ४० नव्हे, १०० युनिट जातात. रक्तातील साखर इतकी खाली येते की रुग्ण बेशुद्ध पडतो. अभ्यासक्रमात अशा हिशेबांवर भर दिला जातो तो यासाठी.

प्रौढांच्या परिचर्येत शरीराची एकेक संस्था घेऊन तिचे आजार, तपासण्या, शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी आणि नंतरची देखरेख शिकवली जाते. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि ३० दाबांनंतर दोन श्वास द्यायचे, हे जीवरक्षक प्रशिक्षण याच वर्षी होते. वृद्धांची परिचर्या आणि असाध्य आजारातील उपशामक शुश्रूषा यांचे स्वतंत्र घटक आहेत. गोव्यासारख्या, मुले परदेशी आणि आईवडील घरी असे चित्र सर्रास दिसणाऱ्या प्रदेशात या दोन घटकांची गरज वेगळी सांगायला नको.

नीतिशास्त्रात रुग्णाची संमती, गोपनीयता आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील निर्णय यांची चर्चा होते. अरुणा शानभाग यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाबाबत दिलेला निकाल त्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. त्यांचे उपचार थांबवण्याची विनंती न्यायालयाने नाकारली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना असल्याचे मान्य केले.

तिसरे वर्ष : मूल, मन आणि गाव

पाचव्या आणि सहाव्या सत्रात बालपरिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या, सामुदायिक आरोग्य परिचर्या, शैक्षणिक तंत्रज्ञान, न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे, परिचर्या व्यवस्थापन आणि प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येचा पहिला भाग असे विषय आहेत.

बालपरिचर्येत मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे आधी मनावर ठसवले जाते. औषधाची मात्रा वजनानुसार ठरते. नाडी आणि श्वसनाचे सामान्य प्रमाण वयानुसार बदलते. नवजात बालकाची प्राथमिक काळजी, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत, लसीकरणाचे वेळापत्रक आणि जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांचे एकात्मिक व्यवस्थापन हे त्यातील मुख्य घटक होत.

मानसिक आरोग्य परिचर्येत आजारांच्या वर्गीकरणाइतकाच भर संवादावर असतो. भ्रम झालेल्या रुग्णाशी वाद न घालता बोलावे कसे, आत्महत्येचा धोका ओळखावा कसा, हिंसक झालेल्या रुग्णाला इजा न करता आवरावे कसे, हे शिकवले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिलेले अधिकारही अभ्यासावे लागतात. बांबोळी, धारवाड, रत्नागिरी, ग्वाल्हेर, बडोदा आणि हैदराबाद येथे शासकीय मानसोपचार संस्था आहेत. अशा ठिकाणचे काही आठवडे मनोरुग्णांविषयीची लहानपणापासूनची भीती घालवून टाकतात, असा अनेक विद्यार्थ्यांचा अनुभव असतो.

सामुदायिक आरोग्य परिचर्या विद्यार्थ्याला रुग्णालयाबाहेर आणते. कुटुंबांचे सर्वेक्षण, गृहभेटी, पाणी आणि सांडपाण्याची पाहणी, साथरोगशास्त्र आणि आरोग्य शिक्षण हा त्यातील भाग. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तसेच अनुक्रमे ३० हजार आणि २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही रचना येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर काम करताना पुस्तकात नसलेले बरेच काही उमगते. उपकेंद्रांवर नेमल्या जाणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला लागणारी कौशल्ये आता या पदवीच्या अभ्यासक्रमातच गुंफलेली आहेत.

चौथे वर्ष : प्रसूतिकक्ष, संशोधन आणि आंतरवासिता

सातव्या सत्रात प्रसूती परिचर्येचा दुसरा भाग, सामुदायिक परिचर्येचा दुसरा भाग आणि परिचर्या संशोधन व संख्याशास्त्र असे विषय असतात. प्रसूतीच्या कळांची प्रगती आलेखावर मांडणे, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणे, सामान्य प्रसूती स्वतः करणे ही कौशल्ये नोंदवहीत प्रकरणागणिक लिहून, शिक्षकांच्या स्वाक्षरीने प्रमाणित करावी लागतात. बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देणे हा प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव टाळण्याचा परिणामकारक उपाय आहे. बाळाचा रंग, नाडी, प्रतिक्रिया, स्नायूंचा ताण आणि श्वसन पाहून पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला दहापैकी गुण देण्याची अपगार पद्धतही येथे शिकवली जाते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आणि वैद्यकीय गर्भपाताचा कायदा यांची माहिती या विषयाचा अविभाज्य भाग आहे.

संशोधनाच्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे गट एखादा प्रश्न निवडून त्यावर प्रकल्प करतात. याखेरीज चार वर्षांत तीन ऐच्छिक घटक पूर्ण करावे लागतात. मधुमेहाची काळजी, स्तनपान व्यवस्थापन, ताणव्यवस्थापन अशा विषयांतून ते निवडता येतात.

आठवे सत्र पूर्णपणे आंतरवासितेचे. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास अशी ती असते. प्रौढ परिचर्येत सहा आठवडे आणि सामुदायिक, बाल, मानसिक आरोग्य व प्रसूती परिचर्येत प्रत्येकी चार आठवडे काम करावे लागते. रात्रपाळी येथे चुकत नाही. विद्यार्थी आणि व्यावसायिक यांच्यामधला उंबरठा तो हाच.

हजेरी आणि परीक्षा

परीक्षेला बसण्यासाठी तासिका आणि प्रात्यक्षिके दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते. पदवी मिळण्यापूर्वी मात्र रुग्णसेवेच्या प्रत्यक्ष कामाची हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. आजारपणात बुडालेले दिवस नंतर करून द्यावे लागतात. मुख्य विषयांच्या लेखी परीक्षेत ७५ गुण सत्रान्त परीक्षेला आणि २५ अंतर्गत मूल्यमापनाला असतात. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण मिळवावे लागतात. एकातील जास्तीचे गुण दुसऱ्यात वळवता येत नाहीत. काही विषयांची परीक्षा महाविद्यालय घेते, बाकीच्यांची विद्यापीठ.

भाषेचा प्रश्न

शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिले सत्र जड जाते ते यामुळे. बारावीपर्यंत इंग्रजी हा एक विषय असतो. येथे शरीररचनेचे हजारभर पारिभाषिक शब्द त्याच भाषेत आत्मसात करावे लागतात. प्रत्यक्षात यातील बहुतेक संज्ञा ग्रीक-लॅटिन मुळांपासून बनलेल्या असल्याने इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनाही त्या नवख्याच असतात. मुळे ओळखली की शब्द उलगडू लागतात आणि दोघांमधील अंतर पहिल्या वर्षभरात पुष्कळ कमी होते.

खाटेवरील रुग्ण मात्र पुस्तकी इंग्रजी बोलत नाही. बेळगावच्या वॉर्डात मराठी आणि कन्नड, गोव्यात कोकणी आणि मराठी, हैदराबादेत तेलुगू आणि दखनी, इंदुरात हिंदी आणि माळवी कानी पडते. 'छातीत कळ येते', 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा आल्यासारखे वाटते' यांतील फरक ओळखून तो इंग्रजी केस शीटवर नेमका उतरवणे हे परिचारिकेचे रोजचे भाषांतर होय. सीमाभागातील मराठी मुलामुलींना लहानपणापासून दोन-तीन भाषांची सवय असते. तिचा येथे पुरेपूर उपयोग होतो.

पदवीनंतर

अंतिम परीक्षेनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि सुईण म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणीविना केवळ पदवीवर हे काम करता येत नाही. नोंदणीनंतर शासकीय आणि खासगी रुग्णालये, लष्करी परिचर्या सेवा, शाळा, उद्योग आणि उपकेंद्रे अशा ठिकाणी संधी असतात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील नर्सिंग ऑफिसर पदांसाठी नॉरसेट ही सामायिक परीक्षा होते. या पदांपैकी ८० टक्के जागा महिलांसाठी असतात. पुढे शिकायचे असल्यास दोन वर्षांची एम.एस्सी. आणि अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आहे. परदेशी जाण्यासाठी त्या-त्या देशाची परवाना परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परीक्षा असते. ब्रिटनसाठी संगणकीय चाचणी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्याशिवाय इंग्रजीची पात्रता परीक्षा द्यावी लागते.

महाविद्यालय निवडताना

वरील सर्व अभ्यासक्रम कागदावर प्रत्येक महाविद्यालयात एकसारखा असतो. खरा फरक पडतो तो रुग्णालयामुळे. ज्या संस्थेकडे रुग्णच नाहीत, तेथे चार वर्षे काढलेला विद्यार्थी पुतळ्यावरच्या सरावाच्या बळावर अतिदक्षता विभागात उभा राहतो. महाविद्यालयाचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे, ही अट आहे ती म्हणूनच.

ही भीती काल्पनिक नाही. मध्य प्रदेशात पुरेशा सुविधा नसलेल्या नर्सिंग महाविद्यालयांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने तीनशेहून अधिक महाविद्यालयांची तपासणी केली. त्यांतील अनेक अपात्र वा त्रुटीयुक्त ठरली. २०२४ मध्ये तर या तपासणीशी संबंधित अधिकाऱ्यांनाच लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली. या सगळ्यात हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. शुल्क भरलेले, वय वाढत चाललेले आणि हाती निकाल नाही, अशा अवस्थेत त्यांनी दिवस काढले.

त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. संस्थेला राज्य परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची त्या शैक्षणिक वर्षाची मान्यता आहे का, आणि किती जागांची, हे परिषदेच्या व विद्यापीठाच्या अधिकृत यादीत तपासावे. महाविद्यालयाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. संलग्न रुग्णालयात कामाच्या दिवशी सकाळी जाऊन वॉर्डातील किती खाटा भरलेल्या आहेत, प्रसूतिकक्ष चालू आहे का, हे पाहावे. मनोरुग्णालय, बालरुग्णालय आणि ग्रामीण क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्यांना कोठे नेले जाते, प्रवास व निवासाचा खर्च कोण करते, हे विचारावे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जातात का, मधूनच प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळते का, याचे उत्तर लेखी घ्यावे. शेवटच्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून, आजवर किती प्रसूती स्वतः केल्या आणि शिक्षक वॉर्डात सोबत असतात का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी संस्थेची बरीचशी कल्पना येते.